थांबा, मी येते तुमच्या जागी

श्रोतेहो, नमस्कार.

कॉलेज सुरू झालं की नव्या मुलांना सभागृहात बसवून भाषणं ऐकवतात. भेदभाव करू नका, कुणाची टिंगल करू नका, अडचण आली तर सांगा. मुलं मान डोलावतात आणि हळूच मोबाइल काढतात. त्यांना हे ठाऊक नसतं असं नाही. ऐन वेळी तोंडातून शब्द फुटत नाही, घोडं तिथे अडतं. त्याची तालीम नाटकात होऊ शकते. पण ते नाटक मुलांनी मिळून रचलेलं हवं. तयार संहिता आणून चार चुणचुणीत मुलांकडून पाठ करून घेतली, तर बाकीचे पुन्हा प्रेक्षकच.

ब्राझीलचे रंगकर्मी ऑगुस्तो बोआल यांना १९७१ मध्ये लष्करी राजवटीने अटक केली, नंतर देश सोडावा लागला. १९७३ मध्ये ते पेरूमध्ये साक्षरता मोहिमेत काम करत होते. नाटकातल्या अडचणीवर प्रेक्षक उपाय सुचवत, नट तो करून दाखवत. एका बाईंना मात्र नटीने केलेलं काही केल्या पटेना. अखेर बोआल यांनी त्यांनाच मंचावर बोलावलं. प्रेक्षक स्वतः मंचावर येऊन उपाय करून पाहतात, त्या ‘फोरम थिएटर’ची सुरुवात ते या प्रसंगापासून सांगत.

आता आपला प्रसंग घेऊ. गटाचं काम चाललंय. एक मुलगा एका मुलीच्या उच्चारांची नक्कल करतो, सगळे हसतात. ती सादरीकरणातून आपलं नाव काढून घेते. नाटक संपलं. मग तेच पुन्हा सुरू होतं, आणि आता कुणीही ‘थांबा!’ म्हणून पात्राची जागा घ्यायची.

कुणाची? नवखी मुलं हमखास नक्कल करणाऱ्याची घेतात आणि त्याला एका क्षणात सज्जन करून टाकतात. बोआल यांच्या रीतीत अशा उपायाला ‘ही जादू झाली’ अशी हरकत घेता येते. जागा घ्यायची त्या मुलीची, किंवा कसनुसं हसणाऱ्या तिच्या मैत्रिणीची. मला ही मैत्रीण जास्त महत्त्वाची वाटते, कारण आपण बहुतेक जण तिच्याच जागी उभे असतो. समोरच्या नटांनीही सहज हार मानायची नाही. ‘अगं, गंमत केली, एवढं काय मनावर घेतेस?’ या एका वाक्यापुढे भले भले उपाय कोसळतात. मग दुसरी उठते, तिसरा उठतो.

हे सगळं चालवणाऱ्या सूत्रधाराने उत्तर द्यायचं नाही, फक्त विचारायचं, ‘असं खरंच होईल का?’ (प्राध्यापकांना हे फार जड जातं.)

अर्थात, पहिल्याच दिवशी हे जमत नाही. आधी खेळ हवेत, आणि न बोलता एकमेकांच्या शरीरातून पुतळे घडवणं हवं. ‘एकटेपणा’ दाखवा म्हटलं की अबोल मुलंही किती बारकाईने दाखवतात! भाषेत कच्चं असणाऱ्याला इथे कमीपणा येत नाही.

कुणालाही स्वतःची जखम जशीच्या तशी मंचावर आणायला लावू नये. अनेकांचे अनुभव मिसळून काल्पनिक पात्र रचावं. नुसतं बसून पाहायची मुभा असावी, आणि गुण तर देऊच नयेत.

खेळानंतर कुणी मागे रेंगाळून खरीखुरी तक्रार सांगेल. ती सूत्रधाराने नाटकातून सोडवायची नाही. त्या दिवशी समुपदेशक आणि तक्रार समितीतलं कुणीतरी सभागृहातच असावं, सुरुवातीलाच त्यांची ओळख करून द्यावी, म्हणजे तक्रार सांगणाऱ्याला तीच कहाणी दारोदार सांगत फिरावं लागणार नाही.

नमस्कार.