जुन्या एसयूव्हीचे मायलेज: आधी गळती शोधावी

श्रोतेहो,

वापरलेली एसयूव्ही घेणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, ‘ही ॲव्हरेज किती देते?’ आणि लगेच दुसरा, ‘ते वाढवायला हिला काय बसवावे?’ यातला दुसरा प्रश्न मला उलटा वाटतो. आठ-दहा वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली चाललेल्या गाडीत इंधन वाया जाण्याची कारणे बहुतेक दोन प्रकारची असतात. एक तर काहीतरी झिजलेले वा अडकलेले असते, नाहीतर आधीच्या मालकाने हौसेने काहीतरी जोडलेले असते. तेव्हा ही गाडी कारखान्यातून निघाली त्या वेळी जे देत होती ते परत मिळवणे, हेच पहिले उद्दिष्ट असावे. त्यापलीकडे जे मिळेल ते बव्हंशी चालवणाऱ्याच्या उजव्या पायावर अवलंबून आहे.

हे परत मिळवणे किरकोळ मुळीच नाही, आणि त्यामागचे गणित ‘लिटरमागे किलोमीटर’ या आपल्या सवयीच्या मापात नीट दिसत नाही. लिटरला ८ किलोमीटर देणारी गाडी १० देऊ लागली, तर १०० किलोमीटरला साडेबारा लिटरऐवजी १० लिटर लागतात, म्हणजे अडीच लिटर वाचतात. १६ देणारी छोटी गाडी २० देऊ लागली, तर तेवढ्याच अंतरात केवळ सव्वा लिटर वाचते. सुधारणा दोन्हीकडे २५ टक्क्यांचीच आहे, पण जड आणि खादाड गाडीतली दुरुस्ती टाकीच्या हिशेबात दुप्पट मोलाची ठरते.

दुरुस्तीच्या आधी मोजणी हवी. डॅशबोर्डवरचा सरासरीचा आकडा पुष्कळ गाड्यांत थोडा खुशामतखोर असतो. त्यावर विसंबू नये. टाकी भरताना नोझलने पहिल्यांदा आपोआप कट घेतला की थांबायचे, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा, टाकी बरीच रिकामी झाल्यावर शक्यतो त्याच पंपावर त्याच पद्धतीने पुन्हा भरायची, आणि अशा तीन-चार टाक्यांची सरासरी काढायची. मोठ्या टाकीत एका भरण्यात लिटर-दीड लिटरचा फरक सहज पडतो, म्हणून एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये.

मोजणीत एक छुपा दोषही असतो, आणि तो टायरच्या मापात असतो. समजा, गाडीला मूळचे २३५/७० आर १६ मापाचे टायर होते आणि आधीच्या मालकाने रुबाबासाठी २६५/७० आर १६ चढवले. पहिल्या टायरचा व्यास सुमारे ७३५ मिलिमीटर भरतो, दुसऱ्याचा ७७७. चाक एका फेरीत जवळजवळ पावणेसहा टक्के जास्त अंतर कापते, पण मीटरला त्याचा पत्ताच नसतो; तो जुन्याच व्यासाने मोजत राहतो. त्यामुळे मीटरने १०० किलोमीटर दाखवले तेव्हा गाडी जवळजवळ १०६ धावलेली असते, आणि हिशेबातले मायलेज खऱ्याहून कमी दिसते. तरीही मोठ्या टायरने नुकसान होतेच. तो जड असतो, रुंद असल्यामुळे वाऱ्याला जास्त अडतो, आणि मातीत चालण्यासाठी केलेली खोल नक्षी डांबरावर लोळताना जास्त ऊर्जा खाते. टायर बदलण्याची वेळ आली की दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत छापलेल्या मूळ मापावर परतावे. हवेचा दाबही त्याच पट्टीवर दिलेला असतो. तो टायर थंड असताना मोजायचा. टायरच्या कडेवर कोरलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे, भरायचा दाब तो नव्हे, हे पुष्कळांना अजून सांगावे लागते.

आता जोडलेल्या वस्तू. छतावरचे कॅरिअर, त्यावरची पेटी, पुढचा लोखंडी बुलबार, मागे लटकवलेली शिडी: एसयूव्हीच्या देखणेपणाची आपली कल्पना यांनी बनली आहे, पण हवेला त्यांचे कौतुक नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार छतावरची मोठी पेटी शहरात मायलेज २ ते ८ टक्क्यांनी घटवते आणि ताशी १०५ ते १२० किलोमीटरच्या वेगाला १० ते २५ टक्क्यांनी. कॅरिअर काढायला चार बोल्ट आणि अर्धा तास लागतो; सबंध व्याख्यानात याहून स्वस्त उपाय मी सांगणार नाही. डिकीतले अनावश्यक वजनही उतरवावे, पण त्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. ४५ किलोमागे साधारण एक टक्का फरक पडतो, आणि गाडी मुळातच जड असल्यामुळे तो एसयूव्हीत आणखी कमी जाणवतो.

अडकलेल्या भागांकडे मात्र सवडीने पाहायला हवे, कारण ते दिसत नाहीत. सर्वांत आधी ब्रेक. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, ज्या पिनांवर सरकतो त्या गंजल्या की पाय उचलल्यावरही पॅड डिस्कला घासत राहतात. मागच्या चाकांत हँडब्रेकची केबल ताणलेली असली तर तेच घडते. याची परीक्षा घरी होते. ब्रेक फारसे न दाबता दहा-पंधरा किलोमीटर चालवून सपाट जागी गाडी उभी करावी आणि चारही चाकांजवळ हात नेऊन उष्णता अजमावावी. डिस्कला हात लावू नये, भाजतो. एक चाक इतरांहून स्पष्टपणे तापलेले असले तर संशय पक्का झाला. मग गॅरेजमध्ये ते चाक जॅकवर उचलून हाताने फिरवून पाहायला सांगावे. जे चाक ढकलल्यावर सैल फिरत नाही, ते इंजिनालाही तितकेच जड जात असते.

चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत आणखी एक शक्यता असते. हवे तेव्हाच जोडायच्या प्रकारच्या फोर-व्हील ड्राइव्हमध्ये मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा गिअरांचा संच, नसतो, त्यामुळे कोरड्या रस्त्यावर तो जोडलेला राहिला तर वळणावर पुढची-मागची चाके एकमेकांशी झगडतात, टायर घासतात आणि इंधन जाते. डॅशबोर्डवरचा फोर-व्हीलचा दिवा बंद असूनही तो खरोखर सुटला आहे का, पुढच्या चाकांचे हब (चाकांचे मधले भाग) मोकळे आहेत का, हे एकदा तपासावे.

वेगळ्या लोखंडी चौकटीवर (चेसिसवर) बांधलेल्या जुन्या एसयूव्हींत रेडिएटरमागचा पंखा बहुधा व्हिस्कस कपलिंगवर, म्हणजे घट्ट द्रवाच्या जोडणीवर, चालतो. इंजिन तापले की तो जोमाने फिरतो आणि एरवी ढिला राहतो, अशी त्याची रचना असते. कपलिंग जाम झाले की तो सतत पूर्ण जोराने फिरतो आणि इंजिनाची ताकद विनाकारण खातो. ओळख सोपी आहे: इंजिन गरम नसतानाही वेग घेताना ट्रकसारखी घरघर येते, आणि ती थांबतच नाही.

यानंतर माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्षित भाग, म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिनाचे पाणी रेडिएटरकडे कधी सोडायचे ते ठरवणारा हा झडपेचा छोटा तुकडा उघडा अडकला की इंजिन गरम होत नाही, आणि गाडी गरम होत नाही याची तक्रार कोणी करीत नाही. उलट लोकांना बरेच वाटते. पण इंजिन साधारण ८५ ते ९५ अंशांवर काम करील असे गृहीत धरूनच इंधनाचे प्रमाण ठरवलेले असते. ते ६५-७० अंशांवर राहिले, तर नियंत्रक संगणकाला ‘इंजिन अजून थंड आहे’ असे वाटून तो इंधन वाढवत राहतो, तेल घट्ट राहून घर्षण वाढते, आणि कित्येक ऑटोमॅटिक गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टरचे लॉकअप (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना घट्ट जोडून घसरण थांबवणारी कडी) उशिरा लागते किंवा लागतच नाही. डॅशबोर्डवरचा काटा यात फसवतो, कारण अनेक गाड्यांत तो मोठ्या तापमान-पट्ट्यात मध्यावर स्थिर राहील असाच बसवलेला असतो. खरे तापमान स्टिअरिंगखालच्या ओबीडी जोडणीत (गाडीच्या संगणकाची माहिती वाचण्याच्या सॉकेटमध्ये) स्कॅनर लावून वाचावे. मोकळ्या रस्त्यावर ते घसरते आणि चढावर पुन्हा चढते, असे दिसले की थर्मोस्टॅट बदलावा.

स्कॅनर लावलाच आहे, तर पेट्रोल गाडीत दीर्घकालीन फ्युएल ट्रिमही पाहावा. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा आणि एक भाग पेट्रोल लागते. हे प्रमाण साधण्यासाठी संगणक ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून इंधन कमी-जास्त करतो, आणि त्याने किती टक्के फेरफार केला ते या आकड्यात दिसते. तो सतत १० टक्क्यांच्या पुढे असेल, तर कुठेतरी न मोजलेली हवा आत शिरते आहे किंवा सेन्सर खोटे सांगतो आहे. चेक इंजिनचा दिवा लागलेला असूनही गाडी चालतेच आहे ना, म्हणून तो दुर्लक्षित ठेवणारे मालक पुष्कळ असतात, आणि अशी गाडी विकताना तो दिवा तात्पुरता पुसून टाकणारेही असतात.

डिझेल गाडीची लक्षणे निराळी. टर्बोपासून, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या पंख्यापासून, इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप चिरला, तर वेग घेताना शिट्टी ऐकू येते, ओढ कमी होते आणि काळा धूर निघतो. गळणारे इंजेक्टर आणि काजळीने भरलेला ईजीआर (धुराचा काही भाग इंजिनात परत फिरवणारी झडप) यांचा तपासही याच टप्प्यावर करून घ्यावा. धुरातले काजळकण पकडणारा फिल्टर असलेल्या गाडीचे दुखणे बहुधा वापरात असते. तो ठरावीक काळाने जादा इंधन जाळून स्वतःला साफ करतो, आणि त्यासाठी थोडी लांब, सलग धाव लागते. रोज तीन-चार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत ही सफाई अर्धवट राहते, पुन्हा पुन्हा सुरू होते आणि त्यात डिझेल जाते. फिल्टर काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. अनेक देशांत ते बेकायदा आहे, आणि सर्वत्र ते इतरांच्या फुप्फुसांवर ढकलणे आहे.

एअर फिल्टरविषयी एक समज मात्र सोडून द्यायला हवा. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवा आणि पेट्रोल यांत्रिक पद्धतीने मिसळणाऱ्या जुन्या भागाच्या, काळात तुंबलेल्या फिल्टरने मायलेज खरेच घसरत असे. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत, इंधन-इंजेक्शन असलेल्या पेट्रोल गाड्यांत तुंबलेल्या फिल्टरमुळे वेग घेण्याची क्षमता घटली, पण मायलेजवर म्हणण्याजोगा परिणाम झाला नाही. फिल्टर वेळेवर बदलावा तो इंजिनाच्या आयुष्यासाठी. इंधननळीवर बसवायची चुंबके आणि टाकीत टाकायच्या गोळ्या यांवर तर बोलायलाही नको. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून अधिक साधने तपासली आहेत आणि त्यांतल्या फारच थोड्यांचा, तोही नाममात्र, फायदा आढळला.

गाडी मूळ स्थितीला आली की उरतो वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि उंच, चौकोनी एसयूव्ही त्याला मोठी भिंत देते. पुढचे क्षेत्रफळ २.८ चौरस मीटर, विरोध-गुणांक ०.४० आणि वजन दोन टन धरून हिशेब केला, तर ताशी ८० किलोमीटरला हवेचा विरोध सुमारे ३३० न्यूटन येतो, १००ला ५२० आणि १२०ला ७५०. टायरांच्या लोळण्याचा विरोध या तिन्ही वेगांना साधारण २३५ न्यूटनच राहतो. एकूण बेरीज पाहिली तर ८० वरून १०० वर जाताना प्रत्येक किलोमीटरला लागणारी ऊर्जा तिसऱ्या हिश्श्याने वाढते, आणि १००चे १२० करताना आणखी ३० टक्के. कोणतेही गॅरेज इतका फरक पाडून देऊ शकत नाही.

शहरात वेगापेक्षा ब्रेक महाग पडतो, कारण दोन टनांना दिलेली गती प्रत्येक ब्रेकला उष्णता होऊन जाते. म्हणून पुढचा सिग्नल लाल दिसताच ॲक्सिलरेटर सोडावा आणि गाडी गिअरमध्येच राहू द्यावी. इंजेक्शनच्या गाड्यांत अशा वेळी इंजिनाला जाणारे इंधन पूर्ण बंद होते, तर न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू ठेवण्यासाठी ते जळत राहते. उतारावर न्यूट्रल टाकणारे चालक त्यामुळे इंधन वाचवीत नाहीत आणि इंजिनाची रोध-शक्ती मात्र गमावतात. उभ्या गाडीत सुरू ठेवलेले मोठे इंजिन तासाला लिटरभर इंधन सहज पिते, आणि एसी चालू असला तर त्याहून जास्त.

शेवटी इंजिनाच्या रीमॅपिंगविषयी, म्हणजे नियंत्रक संगणकातली आज्ञावली बदलण्याविषयी, कारण तो प्रश्न हमखास येतो. टर्बो डिझेलमध्ये रीमॅपने खालच्या वेगाची ओढ वाढते आणि हलक्या पायाच्या चालकाला त्यातून थोडे मायलेज मिळूही शकते. पण वाढलेला टॉर्क (फिरवण्याचा जोर) जुन्या क्लचवर आणि गिअरबॉक्सवर पडतो, उत्सर्जन बिघडू शकते, आणि वाढलेली ताकद वापरण्याचा मोह आवरणारे चालक कमी असतात. थर्मोस्टॅट, ब्रेक, टायर आणि सेन्सर ठीक होऊन तीन-चार टाक्यांची नवी सरासरी हाती आल्याशिवाय त्याचा विचारही करू नये. कारण त्या आधी केलेल्या रीमॅपने काय दिले आणि दुरुस्तीने काय दिले, हे वेगळे काढताच येणार नाही.