जावळ जाताना

नमस्कार श्रोतेहो.

आज मला बोलायचंय केसांच्या एका गाठीबद्दल. ती माझ्या कुत्र्याच्या कानामागे होती, गोटीएवढी. मी रोज न चुकता ब्रश फिरवत होते, तरी ती मला सापडली नव्हती. माझा कापूस म्हणजे गोल्डनडूडल, गोल्डन रिट्रीव्हर आणि पूडल यांचा संकर. तेव्हा तो नऊ महिन्यांचा होता. वरून पाहिलं तर नुसता मऊ, फुगलेला, नावाला साजेसा. ग्रूमरने, म्हणजे कुत्र्यांचे केस विंचरून-कापून देणाऱ्या बाईने, त्याच्या मांडीवर धातूची फणी टेकवली आणि हलकेच खाली ओढली. बोटभर जाऊन ती अडकली. मग तिने माझं बोट धरून थेट त्याच्या कातडीपर्यंत नेलं. वर कापूस होता आणि खाली नमदा. केस एकमेकांत इतके घट्ट बसले होते, की कातडी दिसतच नव्हती.

त्या दिवशी मला जे कळलं ते ज्यांच्या घरी डूडलचं, म्हणजे पूडलच्या अशा संकराचं, पिल्लू आहे त्यांना वेळेत कळावं, म्हणून हे बोलणं.

बाळाचं जावळ असतं तसंच पिल्लाचंही असतं. ते केस रेशमासारखे असतात, सहसा गुंतत नाहीत, दोन दिवस विंचरले नाहीत तरी काही बिघडत नाही. आपल्याला वाटतं, आपलं पिल्लू गुणी आहे आणि याचे केस असेच राहणार. मग साधारण सहाव्या महिन्यापासून वर्षापर्यंत कधीतरी हे जावळ गळायला लागतं आणि त्याच्या जागी मोठेपणाचे केस येतात. ते जास्त दाट आणि बहुधा जास्त कुरळे असतात. कुणाचा हा बदल काही आठवड्यांत उरकतो, कुणाचा कित्येक महिने चालतो.

आता अडचण कुठे येते ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर आहे. लॅब्राडॉर किंवा गोल्डन रिट्रीव्हर केस गाळतात, ते जमिनीवर पडतात, आपण झाडून काढतो. पूडलचे केस मात्र दीर्घकाळ वाढत राहतात, आणि जे गळतात तेही कुरळेपणामुळे बाहेर न पडता आतच अडकतात. डूडलमध्ये हे दोन्ही स्वभाव एकत्र येतात. म्हणजे आतली मऊ लव गळते आणि बाहेरचे कुरळे केस तिला जाऊ देत नाहीत. ती लव मुळांशी साठते, कुत्रा लोळतो, अंग घासतो, भिजतो, आणि त्या घर्षणाने तिचा नमदा होतो. लोकर चोळून नमदा करतात, अगदी तसाच. जावळ जाण्याच्या दिवसांत हे सगळ्यात जोरात चालतं. गेल्या आठवड्यात काहीच नव्हतं आणि आज अंगभर जटा, असं कुणी सांगितलं तर मी त्यावर विश्वास ठेवते. तो हलगर्जीपणा असतोच असं नाही.

तुमच्या पिल्लाचे केस नेमके कसे होतील हे आधी ठामपणे सांगता येत नाही. २००९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, की बहुतेक जातींच्या कुत्र्यांच्या केसांतला फरक मुख्यतः तीन जनुकांवर ठरतो. एक जनुक मिशा-भुवयांचा, एक लांबीचा, एक कुरळेपणाचा. संकरात यांची वाटणी प्रत्येक पिल्लात वेगळी होते. म्हणून एकाच वेतातल्या दोन भावंडांपैकी एकाचे केस नुसते लहरी, तर दुसऱ्याचे दाट कुरळे. लॅब्राडूडल ज्यामुळे प्रसिद्ध झाला ती हकीकतही हेच सांगते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियातल्या मार्गदर्शक कुत्र्यांच्या संस्थेतल्या वॉली कॉनरन यांना हवाईतल्या एका अंध बाईंसाठी मार्गदर्शक कुत्रा हवा होता, पण तिच्या नवऱ्याला कुत्र्याच्या केसांची अॅलर्जी होती. त्यांनी लॅब्राडॉर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिल्लं झाली, आणि त्या तिघांपैकी एकच त्या घराला चालण्यासारखं निघालं. तेव्हा ‘डूडल म्हणजे केस गळणारच नाहीत, अॅलर्जी होणारच नाही’ असं कुणी छातीठोक सांगत असेल तर कृपा करून विश्वास ठेवू नका. अॅलर्जी घडवणारी द्रव्यं कुत्र्याच्या लाळेत आणि कोंड्यात असतात, नुसत्या केसांत नव्हे.

बरं, विंचरायचं कसं? माझी चूक अशी, की मी वरवर ब्रश फिरवत होते. वरचा थर चमकायचा आणि खाली साठत जायचं. बरोबर रीत अगदी साधी आहे: भांग पाडत विंचरा. कुत्र्याला कुशीवर झोपवा. पायाच्या खालच्या टोकापासून सुरुवात करा. एका हाताने केस वर उचलून धरा, कातडीची रेघ दिसली पाहिजे. त्या रेघेखालची केसांची एक पट्टी स्लिकर ब्रशने, म्हणजे बारीक वाकड्या तारांच्या ब्रशने, हलक्या हाताने सोडवा. जोर लावू नका, त्या तारांनी कातडी सोलवटते. पट्टी सुटली की बोटभर वर दुसरा भांग. असं करत पाठीपर्यंत जायचं. शेवटी धातूची फणी मुळापासून टोकापर्यंत ओढायची. ती न अडता निघाली तर ती जागा झाली. अडली, तर झालेली नाही, मग ब्रशने केस कितीही सुंदर दिसोत. घरात एकच वस्तू घ्यायची असेल तर मी फणीच घ्यायला सांगेन. खरं सांगते ती फणी.

एका बैठकीत सगळं अंग होत नाही, आणि करूही नये. आज मागचे पाय, उद्या छाती. पण काही जागा मात्र रोज चाचपायच्या. कानामागे, कारण तिथे ते खाजवतात. पुढच्या पायांच्या काखेत, कारण चालताना घर्षण होतं. जांघेत, शेपटीच्या मुळाशी, बोटांच्या मधे. आणि गळपट्टा किंवा हार्नेसखाली. घरात असताना तो काढूनच ठेवा, जावळ जातानाच्या दिवसांत तर नक्कीच.

छोटी गाठ सापडली तर तिला मुळाशी चिमटीत धरा, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही. कुत्र्यांसाठी मिळणारा गुंता सोडवण्याचा फवारा मारा आणि टोकाकडून मुळाकडे थोडी थोडी उकला. कात्री मात्र लावू नका, हे मी फार कळकळीने सांगते. गाठ ओढली की कातडी तिच्यासोबत वर उचलली जाते आणि दाट केसांत ते दिसत नाही. गाठ कापायला गेलेल्या कात्रीने कातडी कापली गेल्याच्या जखमा पशुवैद्यांना टाके घालून शिवाव्या लागतात.

आंघोळीचंही तसंच. आधी विंचरा, मग पाणी. गुंता भिजून वाळला की आवळून बसतो, आणि खाली ओल राहून कातडी लाल होते, वास येतो. शॅम्पू कुत्र्यांचाच वापरा, चोळून फेस करण्यापेक्षा केसांच्या दिशेने हात फिरवा, टॉवेलने टिपा. नंतर कोमट हवेच्या ड्रायरने विंचरत विंचरत मुळापर्यंत कोरडं करा. आपोआप वाळू देऊ नका.

आणि समजा, माझ्यासारखं उशिरा कळलं तर? तर केस काढून टाका. ग्रूमर म्हणाली, ‘हे सोडवता येईल, पण याला तीन-चार तास ओढ सोसावी लागेल, आणि पुढे तो फणी बघूनच पळेल.’ मी मशीन लावायला सांगितलं. जटांच्या खालून मशीन चालवल्यामुळे केस अगदी बारीक राहिले. कापूस अर्धा झाला. मला रडू आलं, पण तो मात्र घरभर धावला. किती दिवस त्या जटा त्याला प्रत्येक पावलाला ओढत होत्या, ते मला तेव्हा कळलं. केस परत येतात, धीर धरा. एक काळजी मात्र घ्या. कानांवरचा जाड नमदा काढल्यावर कुत्रा डोकं जोरजोरात झटकतो, त्यात कधी कानाच्या पाळीत रक्त साठून ती फुगते. तसं दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या.

ज्यांचं पिल्लू अजून दोन-तीन महिन्यांचं आहे, ते भाग्यवान. त्यांच्या हातात वेळ आहे. जावळ गुंतत नाही म्हणून विंचरणं पुढे ढकलू नका, आत्ताच सुरू करा, केसांसाठी नव्हे, सवयीसाठी. रोज एक मिनिट. पंजा हातात घ्या, खाऊ द्या. फणी अंगाला टेकवा, खाऊ द्या. ड्रायर दूरच्या खोलीत लावून त्याचा आवाज ऐकू द्या. ते कंटाळण्याआधी तुम्ही थांबा. लसीकरणाबाबत पशुवैद्यांशी बोलून पहिली फेरी ग्रूमरकडे लवकर करा, आणि त्या पहिल्या भेटीत फक्त पंजे आणि डोळ्यांपुढचे केस थोडे नीट केले तरी पुष्कळ झालं. पुढे दर सहा ते आठ आठवड्यांनी जायचंच आहे.

आणि जावळ जाण्याच्या त्या काही महिन्यांत केस आखूड ठेवले तर कुणी नावं ठेवो, तुम्ही मनावर घेऊ नका. इंच-दीड इंच केस रोज मुळापर्यंत विंचरता येतात. चार इंच केस फोटोत छान दिसतात, पण ते सांभाळायला रोज अर्धा तास हाताशी लागतो. तो असेल तर जरूर वाढवा.

कापूस आता तीन वर्षांचा आहे. फणी काढली की स्वतःहून कुशीवर होतो, आणि काखेपर्यंत पोहोचेतो बहुधा झोपलेला असतो.

नमस्कार.