वास्कोचा उनाड

(दृश्य: वास्को स्टेशन, सकाळ. गाडी रिकामी होते आहे.)

गोव्याला निघालेला पाहुणा मडगावला उतरतो, नाहीतर थिवीला. वास्कोपर्यंत गाडीत बसून राहतो तो, ज्याचं तिथं घर आहे किंवा काम आहे. पुढं मुरगावचं बंदर, मालाच्या गाड्या, कोळशाची धूळ. पोस्टकार्डावरचा गोवा हा नव्हे. कुंदन शाह यांनी मात्र आपल्या दुसऱ्या चित्रपटाची गोष्ट याच गावात मांडली. चित्रपटाचं नाव 'कभी हां कभी ना'. प्रदर्शित झाला २५ फेब्रुवारी १९९४ रोजी.

आधीच सांगून ठेवतो: चित्रपटातली दृश्यं या व्हिडिओत दिसणार नाहीत. हक्कांची भानगड असते. तेव्हा वास्को बघा आणि गोष्ट ऐका.

(दृश्य: गल्ली. कौलारू घर, व्हरांड्यात वाळत घातलेले कपडे.)

सुनील, म्हणजे शाहरुख खान. बँडमध्ये वाजवतो, परीक्षेत गटांगळ्या खातो, आणि खोटं असं बोलतो की ऐकणाऱ्याला शंका घ्यायचीच लाज वाटावी. आपल्याकडं प्रत्येक आळीत असा एक असतोच. घरचे म्हणतात, "दिवे लावलेस." शेजारच्या काकू म्हणतात, "पोरगं वाईट नाही हो, फक्त टिकून काही करत नाही." आणि काकूंच्या घरचा सिलिंडर उचलायला नेमका तोच धावतो. सुनीलचा जीव अ‍ॅनावर. अ‍ॅनाचा ख्रिसवर. ख्रिस सुनीलचा मित्र, त्याच बँडमधला. आता दोघांत फूट पाडायची तर हातात काय? ना पैसा, ना कर्तृत्व. मग खोटं. याला एक सांगायचं, तिला दुसरं. पकडला जातो, आणि बँडमधून हकालपट्टी होते.

इथं थोडं थांबू. तीस वर्षांनी बघताना सुनीलच्या या लावालाव्या तितक्या गोड वाटत नाहीत. अ‍ॅनाला काय हवं आहे हे तिनं पुरेसं स्पष्ट केलेलं असतं. हा ऐकतच नाही. आणि पटकथेनंही अ‍ॅनाच्या मनात फार डोकावून पाहिलेलं नाही, ही माझी तक्रार आहे. सुचित्रा कृष्णमूर्तींच्या वाट्याला हसणं आणि रुसणं जास्त आलं. पण एक गोष्ट या चित्रपटानं केली, जी तेव्हाच्या हिंदी पडद्यावर सहसा होत नव्हती: नायकाचा हट्ट म्हणजेच प्रेम, असं मानायला त्यानं नकार दिला. सुनीलला अ‍ॅना मिळत नाही. शेवटपर्यंत नाही.

(दृश्य: बंदराकडून येणारा रस्ता, संध्याकाळ.)

कुंदन शाह पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेले. 'जाने भी दो यारो' १९८३ चा; त्यानंतरचा हा चित्रपट अकरा वर्षांनी आला. मधल्या काळात त्यांनी दूरदर्शनसाठी काम केलं. आर. के. लक्ष्मण यांच्या पात्रांवरची 'वागले की दुनिया' त्यांचीच. त्यात मध्यमवर्गीय वागले झालेले अंजन श्रीवास्तव इथं सुनीलचे वडील आहेत. मला ही निवड फार हुशारीची वाटते. वागलेंना पडद्यावर पाहिलं की घरखर्चाचा हिशेब आपोआप डोळ्यांसमोर येतो. त्यांच्या पोटी असा मुलगा जन्मला म्हणजे घरात काय चाललं असेल, हे वेगळं सांगावं लागत नाही. शाहरुख खानही त्याच दूरदर्शनच्या वाटेनं आलेला. कुंदन शाह आणि अझीझ मिर्झा यांच्या 'सर्कस' मालिकेत तो होता. बँडमधला इम्रान म्हणजे आशुतोष गोवारीकर. पुढं दहा वर्षांनी याच शाहरुखला घेऊन त्यांनी 'स्वदेस' केला. आणि नायकाच्या अलबेलेपणाची फिरकी घेणारं जे गाणं आहे, 'वो तो है अलबेला', त्यात कुमार सानूंसोबत देवकी पंडित यांचा आवाज आहे. मैफलीतल्या देवकीताई ज्यांना माहीत आहेत, त्यांनी ते जरूर ऐकावं.

चित्रपटाचं खरं मर्म मला विचाराल तर ते प्रेमाच्या त्रिकोणात नाही. ते एका मार्कशीटमध्ये आहे.

(दृश्य: टेबल, पिवळा बल्ब, दुमडलेला कागद.)

सुनील नापास झालेला असतो. तो खोटी मार्कशीट मिळवतो आणि घरी दाखवतो. घर अक्षरशः उजळून निघतं. इतके दिवस तोंड वाकडं करणारे वडील आनंदानं वेडे होतात, सोहळा मांडतात. खोटं अगदी चोख चाललेलं असतं. कुणाला संशय नाही, पकडले जाण्याची भीती नाही. आणि नेमकं तिथंच त्याला ते पेलवत नाही. वडिलांचा तो आनंद उधारीचा आहे, हे ठाऊक असलेला घरात तो एकटाच. शेवटी स्वतःच्या तोंडानं सगळं सांगून टाकतो.

मोठं होणं म्हणजे नोकरी, केस नीट कापणं, बापाच्या दुकानात बसणं, असं हिंदी चित्रपट बहुधा दाखवतात. पंधरा सेकंदांचं एक गाणं आणि टवाळ पोरगा सुटाबुटात. इथं तसलं काही नाही. सुनील त्या रात्रीनंतरही बेकारच आहे. फक्त आता खोटं बोलताना त्याला आधी समोरच्याचा चेहरा दिसतो.

नसीरुद्दीन शाह यांचे फादर ब्रगांझा आहेत, त्यांच्यावर वेगळा व्हिडिओ करावा लागेल. गोगा कपूर यांचा डॉन आहे, तोही मोठा मजेचा. वेळ कमी आहे.

(दृश्य: बंद पडलेल्या एका चित्रपटगृहाची तिकीटखिडकी.)

चित्रपट तयार होऊन बराच काळ पडून राहिला. मोठं बॅनर नाही, मारामारी नाही, आणि नायक शेवटी हरतो. वितरकाला काय सांगणार? दरम्यान नोव्हेंबर १९९३ मध्ये 'बाज़ीगर' आला, डिसेंबरमध्ये 'डर'. शाहरुख एकदम मोठा झाला, तोही खुनी आणि पिसाट प्रेमिकाच्या भूमिकांतून. आता त्याला हरलेला पोरगा म्हणून कोण बघणार, असं वाटणं साहजिक होतं. त्यानं स्वतः पुढं होऊन मुंबईच्या वितरणात भाग घेतला. त्या वर्षीच्या फिल्मफेअरमध्ये लोकप्रिय पुरस्कार 'बाज़ीगर'साठी मिळाला आणि समीक्षकांचा या सुनीलसाठी. एकाच रात्री, एकाच माणसाला.

(दृश्य: चर्चच्या पायऱ्या. लग्न नाही, रिकामी दुपार.)

शेवटी लग्न. ख्रिस आणि अ‍ॅनाचं. ऐन विधीत अंगठी हरवते, सगळं चर्च वाकून बाकांखाली शोधू लागतं, आणि ती नजरेस पडते नेमकी सुनीलच्या. काही क्षण फक्त तो आणि ती अंगठी. आधीचा सुनील काय करता, हे आपल्याला माहीत असतं. म्हणून तर श्वास अडकतो. अंगठी ख्रिसपर्यंत पोहोचते.

मग तो बाहेर येतो. रस्त्याच्या कडेला बसतो. एक मुलगी थांबून पत्ता विचारते. ती जुही चावला. दोन महिन्यांपूर्वी 'डर'मध्ये याच जुहीला फोन करून करून शाहरुखनं तिचं जगणं नकोसं केलं होतं. इथं तो उठतो, कपडे झटकतो, आणि तिला रस्ता दाखवायला निघतो.