उजवीकडं बघायचंय

(दृश्य: सकाळ. कोरेगावातल्या दुकानांची शटरं वर जाताहेत. खताची पोती उतरवणारा टेम्पो.)

सातारा–पंढरपूर रस्ता. कोरेगाव सोडलं की वर्धनगडाचा घाट लागतो. घाट उतरला की पुसेगाव आणि तिथून पुढं दहिवडी, म्हसवड. सगळा दुष्काळी पट्टा. या रस्त्यावरच्या कृषी सेवा केंद्रांमध्ये जाऊन बियाण्यांची ऑर्डर घ्यायची आणि अडकलेली उधारी सोडवून आणायची, हे अण्णांचं काम. दुकानदार त्यांना अण्णा म्हणतात, आपणही तेच म्हणू.

हे काम एसटीनं होत नाही. एका दुकानात दहा मिनिटं लागतात, दुसऱ्यात दोन तास, आणि तिसरा मालक रानात गेलेला असतो, त्याला बांधावर गाठावं लागतं. अण्णांच्या बुडाखाली कायम मोटरसायकल असायची ती त्यामुळं. आधी साधी शंभर सीसीची, मग हौसेनं घेतलेली बुलेट.

तोंडातली जखम भरेना म्हणून दाखवायला गेले. डाव्या गालाच्या आतली बाजू, तंबाखूचा बार धरायची नेमकी जागा. बायोप्सीत कॅन्सर निघाला. तंबाखूवर इथं प्रवचन नको. अण्णांनी ते अख्ख्या गावाकडून ऐकून घेतलंय.

(दृश्य: कानामागून हनुवटीखाली गेलेला व्रण. कॅमेरा जवळ.)

हा व्रण बघा. रोग गालात होता, मग मान का उघडली? अण्णांच्या मंडळींनी हाच प्रश्न विचारला होता. मानेत हाताला गाठसुद्धा लागत नव्हती.

याचं उत्तर परळला मिळालं. तोंडाचा कॅन्सर पसरायला लागला की पहिला मुक्काम मानेतल्या लसिकाग्रंथींमध्ये, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या बारीक गाठींमध्ये, करतो आणि सुरुवातीला तो दिसत नाही. मग मान आधीच साफ करायची, की गाठ दिसेपर्यंत थांबायचं? सर्जन मंडळींचा हा वाद कित्येक वर्षं चालला. टाटा मेमोरियल हॉस्पिटलनं रुग्णांचे दोन गट करून तो तपासला. २०१५ साली पहिल्या ५०० रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध झाला. आधीच मान साफ केलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते. थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. तेव्हापासून या प्रश्नावर फारशी घासाघीस होत नाही.

अण्णांच्या मानेतून काढलेल्या ग्रंथींपैकी एकीत रोग निघालाच. म्हणून ऑपरेशननंतर शेकही, म्हणजे रेडिएशन, घ्यावा लागला. आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे.

जीव वाचला. आता खांद्याकडं वळू.

(दृश्य: अण्णा शर्ट घालताहेत. डावा हात बाहीत आधी, मग उजवा.)

मानेतून एक बारीक नस खाली उतरते. मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी अकरावी. खांदा उचलून धरणारा पाठीचा मोठा स्नायू तिच्या हुकमावर चालतो. १९०६ साली अमेरिकेत जॉर्ज क्राइल या सर्जननं मानेच्या ज्या मोठ्या ऑपरेशनची पद्धत मांडली, त्यात ग्रंथींबरोबर मोठी शीर आणि मानेचा स्नायू जायचा, आणि ते ऑपरेशन रूढ झालं तसं ही नसही जायची. रोगी जगायचा, पण खांदा पडायचा. नस, शीर आणि स्नायू राखून फक्त ग्रंथी काढायची पद्धत अर्जेंटिनाच्या ओस्वाल्दो सुआरेस यांनी १९६३ साली मांडली. पुढं ती युरोपात आणि मग सगळीकडं गेली.

अण्णांची नस राखलेली आहे, कागदावर तसं लिहिलंय. पण नस राखली म्हणजे ती लगेच कामाला लागते असं नाही. ऑपरेशनमध्ये तिला बाजूला सारतात, ताणतात. ती रुसते आणि पूर्ववत व्हायला काही महिने घेते, कधीकधी वर्षही. तोवर खांदा पुढं झुकतो, पाठीचं फावडं, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, बाहेर डोकावतं आणि हात बाजूनं खांद्याच्या वर जात नाही.

घरी आल्यावर अण्णांनी पहिल्यांदा काय केलं? बुलेट डबल स्टँडवर घेऊन बघितली. १९५ किलोची गाडी. ती तसूभरही हलली नाही.

“मला वाटलं, टायरमधली हवा गेलीय,” अण्णा सांगतात.

घरी सोडताना मिळालेल्या कागदावर जेवणाचं होतं, ड्रेसिंगचं होतं, पुढच्या तारखा होत्या. गाडीबद्दल अक्षर नव्हतं. “गाडी चालवता का हो?” असं कुणी विचारलं नाही आणि अण्णांनीही विषय काढला नाही. जीवावरचं दुखणं घेऊन आलेल्या माणसानं बुलेटचं काय विचारायचं, असं त्यांना वाटलं. आमचं मत विचाराल तर हा प्रश्न ऑपरेशनच्या आधीच व्हायला हवा. ज्याचं पोट गाडीवर आहे त्याला तो हौसेचा वाटत नाही.

(दृश्य: फिजिओथेरपीची खोली. भिंतीवर पेन्सिलच्या खुणा.)

व्यायाम दिसायला पोरखेळ वाटतात. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. दाराच्या चौकटीला कप्पी लावून दोरी ओढायची. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, कारण शेकानं जबडाही आखडतो. आठवड्याला एखादी काडी वाढली तरी खूप झालं. इथली मुलगी एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलते: “काका, खांदा कानाला लावायचा नाही.” अण्णा फसवतात. हात वर जात नाही म्हणून अख्खं अंग एका बाजूला कलतं करतात. तिच्या नजरेतून ते सुटत नाही.

खांदा हळूहळू सुधारला. गाडीच्या हँडलला हात लागतात ते खांद्याच्या खालीच, त्यामुळं क्लच दाबणं जमायला लागलं. खरी अडचण मानेनं केली.

हे नीट समजून घेऊ. डोकं उजवीकडं वळवतो तो मानेच्या डाव्या बाजूचा स्नायू. अण्णांची नेमकी डावी मान कापलेली, वर शेकानं कातडी आणि आतलं मांस घट्ट झालेलं. म्हणजे डावीकडं बघणं सोपं, उजवीकडं अवघड. आणि आपण रस्त्याच्या डाव्या कडेनं चालतो. मागून येणारा उसाचा ट्रॅक्टर असो नाहीतर हॉर्न दाबून ठेवलेली ट्रॅव्हल्स, सगळं उजवीकडूनच अंगावर येतं. आरसा बहिर्गोल असतो, त्यात गाडी आहे त्यापेक्षा लांब दिसते. त्याच्या जोरावर वळण घेणारे गॅरेजवाल्यांना चांगले ठाऊक असतात.

(दृश्य: रविवार, शाळेचं मैदान. धाकट्या मुलाची हलकी गाडी, स्टँडवर.)

अण्णा बंद गाडीवर बसलेत. मुलगा मागं उजव्या बाजूला उभा राहून बोटं दाखवतो.

“किती, बाबा?”

“तीन.”

“दोन. आरशात बघितलं तुम्ही.”

मान पुरत नाही तेव्हा कमरेतून वळावं लागतं. पण कंबर वळली की डावा हात हँडल पुढं ढकलतो आणि गाडीची सरळ रेषा सुटते. बंद गाडीवर हे कळत नाही, चालत्या गाडीवर कळतं. अण्णांनी यावर स्वतःची युक्ती काढली. वळायच्या आधी डावं कोपर सैल सोडायचं, वेग कमी करायचा, आणि मगच धड फिरवायचं. मैदानात हे अंगवळणी पडेपर्यंत मुलानं चावी खिशात ठेवली.

आता हेल्मेट. हेल्मेटच नको म्हणणं हा काही मार्ग नव्हे. पण पट्टा बसतो तो बरोबर व्रणावर. तिथल्या कातडीला जाणीव कमी, त्यामुळं पट्टा घासून सोलपटलं तरी समजत नाही. रात्री गंजीच्या गळ्याला डाग दिसतो तेव्हा समजतं. कानाच्या पाळीचंही तसंच. तिथं जाणारी नस या ऑपरेशनमध्ये बऱ्याचदा दुखावते. हेल्मेट घालताना पाळी आत दुमडली तरी अण्णांना पत्ता लागत नाही. म्हणून निघताना काकू दारात उभ्या राहतात. “अहो, थांबा,” म्हणतात आणि हेल्मेटमध्ये बोट घालून कान सरळ करतात.

आणखी एक गोष्ट. हनुवटीखाली सूज राहते. झोपून उठल्यावर जास्त, दिवस वर आला की ओसरते. सकाळी बेतानं बांधलेला पट्टा दुपारी ढिला पडतो. पुसेगावात चहाला थांबलं की तो पुन्हा आवळायचा, हा आता नियम. पट्ट्याखाली मऊ सुती फडकं, पण पट्टा सुटा राहील इतकं जाड नाही. गळ्याभोवती उपरणं, कारण शेक घेतलेल्या कातडीला ऊन सोसत नाही. आणि पाण्याची बाटली टाकीवरच्या पिशवीत, हाताशी. लाळ कमी झालीय. उधारी मागायला तोंड ओलं लागतं.

(दृश्य: वर्धनगडाचा घाट. हलकी गाडी, सावकाश.)

अण्णा आता पुसेगावपर्यंत एका दमात जातात. दहिवडीच्या बाजारादिवशी मात्र एसटी. अंधार पडल्यावर घाट नाही, आणि मागं कुणाला बसवणं नाही. काकू एकदा बसल्या होत्या. नातलगाकडं जायचं होतं, जवळच होतं. स्पीडब्रेकरवर त्यांचा हात सवयीनं अण्णांच्या डाव्या खांद्यावर पडला. अण्णांनी गाडी कडेला घेतली आणि काही न बोलता बराच वेळ खांदा धरून उभे राहिले. त्यानंतर काकू रिक्षानं जातात.

बुलेट अंगणात आहे, ताडपत्रीखाली. विकायची, असं घरात ठरलंय आणि अण्णांनीही मान डोलावलीय. गिऱ्हाइकं येतात. मुलगा किंमत सांगतो, अण्णा आतून येऊन त्यात पाच हजार वाढवतात.

“बॅटरी नवीन आहे,” ते म्हणतात.