हीटसिंक वितळवणारी छोटी भट्टी

नमस्कार श्रोतेहो. जुना संगणक, इन्व्हर्टर, ॲम्प्लिफायर खोलला की हाती बरंच काही लागतं. त्यातलं घरच्या भट्टीत घालण्याजोगं एकच आहे: हीटसिंकचं, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पात्यांच्या ठोकळ्याचं, अॅल्युमिनियम. सर्किट बोर्ड भट्टीत कधीच नाही. त्यातलं ब्रोमीनयुक्त प्लॅस्टिक, सोल्डरमधलं शिसं आणि तांबं एकत्र जळलं की डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात. ती अंगणात, विहिरीवर, पोरांच्या खेळण्यावर बसतात. बोर्ड आणि बॅटऱ्या नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच द्या. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. भंगार विकत घेऊन धातू काढायचा धंदा त्या नोंदणीशिवाय करता येत नाही. वायरचं तांबं हवं तर सोलून काढा, जाळून नको.

आता भट्टी. वीस लिटरचा पत्र्याचा डबा घ्या. आतून सगळीकडे पाच सेंटिमीटर जाडीचं हाय-अॅल्युमिना कास्टेबल, म्हणजे पाण्यात कालवून भरायचं उष्णता सोसणारं मिश्रण, भरा. पाणी पोत्यावर लिहिलंय तेवढंच घाला. मुठीत दाबलेला गोळा टिकला, पण बोटांतून पाणी गळलं नाही, म्हणजे बरोबर. जास्त पाण्याने अस्तर सच्छिद्र होऊन तडकतं. दिवसभर ओलं गोणपाट घालून ठेवा, दोन दिवस सावलीत वाळवा, मग मंद निखाऱ्यावर काही तास फक्त कोमट ठेवा. त्यानंतरच, तासाला साधारण पन्नास अंशांनी, ताप वाढवा. इथे घाई केली तर आत अडकलेल्या पाण्याची वाफ अस्तराचे टवके उडवते.

हवेसाठी चाळीस मिलिमीटरचा काळा लोखंडी पाइप बसवा. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पाइप नको, त्यावरचं जस्त तापून धूर सोडतं. पाइपचं ब्लोअरकडचं टोक थोडं वर ठेवा, म्हणजे मूस (धातू वितळवायचं भांडं) फुटली तरी रस (वितळलेला धातू) ब्लोअरकडे वाहणार नाही. तळाला बोटाएवढं भोक असू द्या, सांडलेला रस तिथून कोरड्या वाळूत उतरतो. मूस विटेच्या तुकड्यावर, हवेच्या झोताच्या वर बसवा. झोत थेट मुशीवर आला तर तेवढ्याच भागातलं ग्रॅफाइट जळून भिंत पातळ होते. मूस क्ले-ग्रॅफाइटचीच घ्या. लोखंडी डब्यात अॅल्युमिनियम वितळवलं की लोखंड त्यात विरघळतं आणि ओतकाम ठिसूळ होतं. मुशीभोवती चार सेंटिमीटर जागा ठेवून लिंबाएवढा लाकडी कोळसा भरा. काम उघड्यावरच करा, कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही.

खरी मेहनत भट्टी पेटवण्याआधीची. स्क्रू आणि स्प्रिंगा लोहचुंबकाने शोधून काढा, थर्मल पेस्ट पुसा. तांब्याच्या चपट्या किंवा गोल नळ्या दिसल्या तर त्या हीट पाइप असतात. त्यांच्या आत थोडं पाणी कायमचं बंद केलेलं असतं आणि ती नळी मुशीत फुटली तर रस उडतो. असा हीटसिंक अख्खा वितळवू नका, नळ्या काढून बाजूला ठेवा. दुसरा धोका मॅग्नेशियमचा. लॅपटॉपच्या काही चौकटी त्याच्या असतात, दिसायला अॅल्युमिनियमसारख्याच पण हातात हलक्या. कानशीने खरवडून व्हिनेगरचा थेंब टाका. लगेच फसफसलं तर ते मॅग्नेशियम. ते पेटलं तर पाणी मारू नका, आग भडकते. म्हणून कोरडी वाळू हाताशी ठेवा.

रिकामी मूस हळूहळू लालसर होईपर्यंत तापवा, ओलावा निघून जाऊ द्या. आधी जाड तुकडे टाकून तळाला थोडा रस करा, मग पातळ पात्या तापवून त्या रसात दाबून बुडवा. नुसत्या पात्या तापवल्या तर वितळण्याआधीच बऱ्याच ऑक्सिडाइज होऊन मळीत, म्हणजे रसावर जमणाऱ्या ऑक्साइडच्या थरात, जातात. तुकडा मुशीत आडवा घट्ट बसवू नका, तो तापून प्रसरण पावतो आणि मूस तडकते. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, ओतायला ७०० ते ७५० पुरे. ते लाल होण्याची वाट पाहू नका, तोवर रस फार तापलेला असतो आणि हवेतल्या ओलाव्यातून जास्त हायड्रोजन शोषून घेतो. कोरड्या, तापवलेल्या पळीने मळी एकदाच काढा. साचाही तापवलेला हवा. पायाखाली काँक्रीट नको, वाळू पसरा. काँक्रीटवर रस पडला की आतली वाफ त्याचे तुकडे उडवते. अंगात जाड सुती कपडे, चामडी बूट, हातमोजे आणि तोंडावर फेसशील्ड.

गार झालेली लगड करवतीने मधोमध कापून पाहा. आत सगळीकडे गुळगुळीत, गोल छिद्रं असतील तर तो हायड्रोजन, म्हणजे ताप जास्त झाला किंवा माल ओला होता. वरच्या बाजूला मध्यभागी एकच खडबडीत खड्डा असेल तर ते गोठतानाचं आकुंचन. त्यावर उपाय साच्याचा: त्याच्या डोक्यावर थोडा जादा रस मावेल अशी जागा ठेवा.