मॅड मॅक्स आणि मांजरा

(दृश्य : लातूरची एक गल्ली, भर दुपार. दारादारांपुढं निळे ड्रम.)

निवेदन :

२८ फेब्रुवारी २०१६. अमेरिकेत ऑस्करचा सोहळा चालू आहे आणि एकाच सिनेमाचं नाव पुन्हा पुन्हा पुकारलं जातंय. ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’. १० नामांकनं, ६ पुरस्कार. गोष्ट एका उजाड झालेल्या जगाची. एका सुळक्यावर मुखवटा घातलेला म्हातारा राहतो, पाणी त्याच्या ताब्यात आहे. मनात आलं की तो वरून सोडतो, खाली माणसं तवे-डबे घेऊन धावतात, तोवर तो बंदही करतो. वर उपदेश करतो, की मित्रांनो, पाण्याच्या आहारी जाऊ नका.

त्याच सुमाराला लातूरला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती, टँकर भरायच्या ठिकाणी जमावबंदीचं १४४ कलम लागलं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला १० वाघिणी, म्हणजे टाकीचे डबे, ५ लाख लिटर. पुढं ५० वाघिणींची गाडी सुरू झाली, एका खेपेला २५ लाख लिटर. गाडीचं नाव ‘जलदूत’.

समीक्षकांनी या सिनेमाला भविष्यकाळात टाकलं. तो मराठवाड्यातल्या माणसांना कुठल्या काळातला वाटतो, हे आम्हाला बघायचं होतं. म्हणून कुणाच्या टीव्हीवर, कुणाच्या लॅपटॉपवर तो लावला आणि शेजारी बसलो.

(दृश्य : लातूर, कोचिंग क्लासचा परिसर. सायकली, पाठीवर दप्तरं.)

निवेदन :

सुरुवात ‘लातूर पॅटर्न’च्या पोरांपासून. नीटची तयारी करणारी, बाहेरगावाहून येऊन खोल्या करून राहणारी. त्यांचा निकाल दहा मिनिटांत लागला. “गाड्या भारी. आग सोडणारा गिटारवाला एक नंबर. पण सर, स्टोरी काय आहे? निम्मा सिनेमा जातात, निम्मा सिनेमा परत येतात.”

तक्रार खोटी नाही. २०१५ साली जगभर अनेकांनी हेच म्हटलं होतं. ४८० तासांचं चित्रीकरण कापून संकलक मार्गारेट सिक्सेल यांनी दोन तासांचा सिनेमा काढला, त्यासाठी ऑस्कर मिळवलं, आणि तरी प्रेक्षक म्हणतो, नुसता पाठलाग आहे. आहेच.

त्या घोळक्यात एकच मुलगी मूळची लातूरची. २०१६ साली ती प्राथमिक शाळेत होती. ती म्हणाली, “बाबांनी पाण्याची रेल्वे दाखवायला नेलं होतं. मला वाटलं, पाणी बघायचंय. तिथं नुसते डबे. बंद.”

(दृश्य : रस्त्याकडेला उभा टँकर. झाकणावर ओलं बारदान. नळीतून थेंब थेंब गळतंय.)

निवेदन :

यानंतर टँकरवाले काका. यांच्यासोबतची दुपार आम्हाला सर्वांत जास्त आवडली, हे आधीच सांगून टाकतो.

सिनेमाचा निम्मा जीव एका टँकरमध्ये आहे. चेक बनावटीच्या टाट्रा ट्रकवर उभा केलेला तो अजस्र टँकर फ्युरिओसा नावाची बाई चालवते. नामिबियाच्या वाळवंटात खरोखरच्या गाड्या पळवून बरंचसं शूटिंग झालंय, त्यासाठी सुमारे १५० गाड्या बांधल्या गेल्या. काकांना यातलं काहीच सांगितलं नव्हतं. ते गुडघ्यावर हात ठेवून पुढं वाकून बघत होते. विसाव्या मिनिटाला म्हणाले, “रिकामाय त्यो.”

काय?

“टँकर. भरलेला दाखवायलेत, पण वळणाला हालत नाही. गच्च भरला की सरळ पळतो, रिकामा असला की बी पळतो. निम्मा असला की बोंब. ब्रेक मारला की पाणी मागून येऊन असा धक्का देतं, वाटतं कुणी ठोकलं. वळणाला तर गाडी त्याच्या मनानं जाती.”

त्यांनी सिनेमा पुन्हा मागं घ्यायला लावला. म्हाताऱ्यानं वरून पाणी सोडायचा प्रसंग. त्यावर ते सरळ चिडलेच. “असं सांडतात का? निम्मं मातीत जायलंय. आम्ही पाइप विहिरीत सोडायचो. सोडला की चारी बाजूंनी बाया पोहरे टाकायच्या, दोराला दोर गुंतायचे. भांडणं व्हायची, पण पाणी वाया नाही गेलं.” मग थोडं थांबून, “एकदा एक पोरगी आत वाकली, परकर धरून ओढली तिला.”

बाईनं टँकर चालवण्याबद्दल त्यांना काही बोलायचं नव्हतं. २०१५ साली अमेरिकेत काही पुरुषमंडळी याच गोष्टीवर खवळली होती. सिनेमाचा नायक मॅक्स आणि गाडी चालवणार बाई, म्हणून बहिष्काराची भाषा झाली. काकांनी फक्त तिच्या डाव्या हाताचं विचारलं. कोपराखाली हात नाही, लोखंडी पंजा आहे. “मळणीयंत्रात गेला का?”

सिनेमा काही सांगत नाही. आम्हीही गप्प बसलो.

(दृश्य : बीड जिल्हा. दिवाळीनंतर कुलूप लागलेली घरं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, शेळ्या.)

निवेदन :

बीडकडं सिनेमा पाहिला तो ऊसतोडीला जाणाऱ्या एका घरात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घ्यायचे आणि हंगामभर ते फेडायचे. घरातला पुरुष अर्ध्या तासात उठून गेला. “लई आवाज हाय,” म्हणाला. काही माणसांना सिनेमा आवडत नाही, याला दरवेळी खोल कारण असतंच असं नाही.

मावशी बसून राहिल्या. म्हाताऱ्यानं पाच तरण्या पोरी कोंडून ठेवल्यात, धडधाकट मुलं व्हावीत म्हणून. त्या पळून जातात आणि भिंतीवर लिहून ठेवतात : आम्ही वस्तू नाही. इथं मावशींनी थांबवायला सांगितलं आणि नातीकडून भिंतीवरचा मजकूर मराठीत समजून घेतला.

“यांना लेकरं पाहिजेत म्हणून कोंडलं,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडं उलटं. दोन लेकरं झाली की पिशवी काढून टाक म्हणत्यात. खाडा पडू नये म्हणून.”

बीड जिल्ह्यात २०१९ साली शासनाच्या समितीपुढं जी पाहणी आली, तीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिला होत्या. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली होती. कामावर एक दिवस खाडा पडला तर दंड, फडावर ना संडास ना पुरेसं पाणी, त्यातून दुखणी, आणि दुखण्यावर डॉक्टरनं सुचवलेलं ऑपरेशन. वाळवंट दाखवायला नामिबियापर्यंत गेलेल्या सिनेमाला ही कल्पना सुचली नसती.

मावशींनी मग पुढं लावायला सांगितलं. पोरी सापडतात का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

(दृश्य : देवगिरी, म्हणजेच दौलताबादचा किल्ला. तासलेला कडा, खंदक, हत्ती हौद.)

निवेदन :

छत्रपती संभाजीनगरच्या एका तरुणानं हा सिनेमा २०१५ मध्येच थिएटरात पाहिला होता. त्याला म्हाताऱ्याचा सुळका बघून दौलताबादच आठवलं. उभा तासलेला कडा, आत शिरायला अंधारी, पाण्याला हत्ती हौद. “वर बसला तो जिंकला,” एवढी त्याची समीक्षा. त्याच्या वसाहतीत नळाला काही दिवसांआड पाणी येतं. म्हणजे त्यानं खालून बघितलाय सिनेमा.

(दृश्य : जालना जिल्हा. मोसंबीची बाग, मध्येच रिकामा पट्टा.)

निवेदन :

सिनेमा साफ नापसंत केला तो जालन्याच्या एका मोसंबीवाल्यानं. २०१२-१३च्या दुष्काळात या जिल्ह्यातल्या बागाच्या बागा वाळल्या, लोकांनी झाडं तोडून सरपणाला लावली. त्यांचीही गेली. ते म्हणाले, “मुखवटा घातलेला एक माणूस दाखवला, मारला, विषय संपला. आमचं पाणी कुणी अडवलं, सांगा बरं. वरच्या नाशिक-नगरवाल्यांनी? कारखान्यानं? का मीच, बोअर खाली खाली नेऊन?”

माझ्या मते सिनेमाची खरी उणीव या माणसानं पकडली. मराठवाड्याच्या जायकवाडी धरणासाठी त्याच्या वरच्या, नाशिक-नगरकडच्या धरणांतून पाणी कधी सोडायचं, यासाठी मेंढेगिरी समितीनं सूत्र घालून दिलं : १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल, तर वरून सोडा. दुष्काळी वर्ष आलं की या सूत्रावर कोर्टकचेऱ्या, आंदोलनं, दोन्हीकडून मोर्चे. कालवा वाहिला तरी त्यावर मोटारी बसतात. आणि जे पाणी उरतं, त्यातलं बरंचसं ऊस पितो, तोही दुष्काळी तालुक्यांत. इथं गोळी घालावी असा म्हातारा सापडत नाही. सापडला तर तो आपल्याच भावकीतला निघतो.

(दृश्य : धाराशिव जिल्हा. संध्याकाळ. अंगणात टीव्ही, घरची माणसं.)

निवेदन :

शेवटचं घर. मुलगा पुण्याजवळ कंपनीत, सुट्टीला आलेला. सिनेमातल्या बायका ज्या हिरव्या जागेच्या आशेनं पळतात, ती जागा केव्हाच चिखल होऊन मेलेली असते. आता मोटारसायकलींवर १६० दिवस पुरेल एवढं सामान आहे, समोर मिठाचं अफाट मैदान आहे. पुढं जायचं की मागं? मॅक्स म्हणतो, मागं. पाणी जिथं आहे ते घ्यायला.

इथं घरात भांडण लागलं. मुलगा म्हणाला, “येडे हायेत का? १६० दिवसांचं पेट्रोल घेऊन कोण परत जातं?” वडील म्हणाले, “अन् पुढं मीठच असलं तर?” मुलगा म्हणाला, पुण्यात मीठ नाही. वडील म्हणाले, पुण्यात दहा बाय दहाची खोली आहे. यानंतर दोघंही सिनेमाबद्दल बोलत नव्हते, म्हणून ते आम्ही फिल्ममध्ये ठेवलेलं नाही.

आईचं लक्ष तिसरीकडं. एका म्हातारीच्या थैलीत बियाणं आहे, ती मरते. “ते बी कुणाकडं गेलं?” त्यांनी विचारलं. पोरींपैकी एकीकडं, असं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “राखेत घोळून ठेवावं लागतं. नाहीतर किडा लागतो.”

निघताना मुलानं सांगितलं, की २०२४ साली याच्या आधीची गोष्ट सांगणारा ‘फ्युरिओसा’ सिनेमा आला, त्यात ती हिरवी जागा सुरुवातीलाच दिसते. झाडं, फळं, सगळं.

आईनं विचारलं, “तिथं विहीर होती का बोअर?”