रोटला आणि ओटला

(डोंबिवलीतल्या एका व्याख्यानमालेत केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघात झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

मंडळी, पत्रिकेवर साडेसहाची वेळ आहे आणि आपण सुरू करतोय सात वाजून दहा मिनिटांनी. संयोजक माझी माफी मागत होते. मी म्हटलं, माफी कसली? अर्धे श्रोते अजून गाडीत आहेत. इथं सभागृहाचं घड्याळ मध्य रेल्वेच चालवते.

विषय दिलाय, ‘जगातली मोठी शहरं: श्रीमंतांची कोणती, सामान्यांची कोणती?’ पैकी अर्धा विषय मी लगेच संपवतो. श्रीमंताला सगळीच शहरं मानवतात. नळाला पाणी नसलं तर त्याचा टँकर येतो, वीज गेली तर जनरेटर लागतो, रस्ता तुंबला तर मागच्या सीटवर बसून तो फोन उरकतो. त्याच्यापुरतं शहर तो बरोबर घेऊन फिरतो. त्यामुळे निवड करताना तो बघतो कर किती, व्हिसा किती वर्षांचा, आणि मुलांची शाळा कुठली. दुबईत पगारावर आयकर नाही, २००२ पासून परदेशी माणसाला ठरावीक भागांत घर मालकीनं घेता येतं, २०१९ पासून गोल्डन व्हिसा मिळतो. झाली निवड.

पण त्याच दुबईत विमानतळापासून फार लांब नाही अशी एक मजूर वस्ती आहे. सरकारदरबारी तिचं नाव मुहैस्ना. तिथं राहणारे आपले लोक तिला सोनापूर म्हणतात, म्हणजे सोन्याचं गाव. आता गिरगावात वाढलेलं कुणी इथं असेल तर त्याला सोनापूर म्हटल्यावर काय आठवतं, ते मी सांगायला नको. मरीन लाइन्सची स्मशानभूमी. नाव ठेवणाऱ्याला हे ठाऊक नसणार, पण मला काही ते नाव साधेपणानं ऐकता येत नाही.

दरवर्षी पेपरात ‘राहण्यायोग्य शहरां’ची यादी येते. सगळ्यात गाजणारी यादी इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटची. २०२२ ते २०२४ सलग तीन वर्षं व्हिएन्ना पहिलं होतं, २०२५ला कोपनहेगन. ही यादी मुळात कशाला लागते? कंपनी साहेबाला परदेशी पाठवते, तेव्हा त्या शहरात राहण्याच्या त्रासाबद्दल त्याला वेगळा भत्ता द्यायचा की नाही, हे ठरवायला. राहणीचा खर्च तिच्यात धरतच नाहीत. साहेबाचं भाडं कंपनी भरणार, मग धरायचा कशाला? आणि ती यादी आपण चौथ्या सीटवर अर्धं अंग टेकून मोबाइलवर वाचतो आणि मुंबई खाली आली म्हणून हळहळतो.

मग आपली मोजपट्टी कुठली? मुंबईतल्या गुजराती माणसांची एक जुनी म्हण आहे. रोटला मिळेल, ओटला मिळणार नाही. भाकरी मिळेल, पाठ टेकायला ओटा मिळणार नाही. शंभर पानी अहवालात नसतं एवढं शहाणपण या चार शब्दांत आहे. मी तिला फक्त एक पुरवणी जोडतो. रोटला आणि ओटला यांच्यात अंतर किती? ते अंतर म्हणजे तुमचं आयुष्य. सीट मिळावी म्हणून डोंबिवलीहून उलटं कल्याणला जाऊन रिटर्न येणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

मी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलो. १६० चौरस फुटांची खोली. मधोमध लांबच लांब पॅसेज, दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या, संडास मजल्याच्या टोकाला. आम्ही सात जण. वडील गिरणीत साचेखात्यात होते. त्यांची तिसरी पाळी असली की आम्हा पोरांना दिवसा खोलीत प्रवेश नसे, कारण ते झोपलेले. पहिली पाळी असली की ते रात्री पॅसेजमध्ये आडवे व्हायचे, डोक्याखाली चपला आणि वर घडी केलेला टॉवेल. चाळीच्या आठवणी काढून गहिवरणाऱ्यांतला मी नाही. सकाळी संडासच्या रांगेत डबा घेऊन उभं राहण्यात गहिवरण्यासारखं काही नव्हतं. पण एक गोष्ट होती. भोंगा झाला की वडील घरातून निघायचे आणि भोंगा विरायच्या आत नाक्यावर असायचे. गिरणी चालत दहा मिनिटांवर. जेवायला घरी यायचे. ओटला फाटका होता, पण रोटल्याच्या शेजारी होता.

या चाळी बांधल्या १९२०च्या दशकात, गव्हर्नर लॉइडच्या काळात. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, तेच ते बीडीडी. पैसा उभा करायला मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर बसवला. बेत होता ५०,००० खोल्यांचा. झाल्या साधारण १६,०००.

नेमक्या त्याच दशकात व्हिएन्ना नावाचं एक कंगाल शहर हेच करत होतं. महायुद्धात हरलेलं, साम्राज्य गमावलेलं, लोक उपाशी. १९१९ला तिथं सोशल डेमोक्रॅट निवडून आले. त्यांचा अर्थखात्याचा माणूस होता ह्यूगो ब्राइटनर. त्यानं नोकरचाकरांवर कर बसवला, मोटारींवर, घोड्यांवर, चैनीच्या खाण्यापिण्यावर. आणि १९२३ला घरबांधणी कर. जेवढं घर आलिशान, तेवढा दर चढा. व्हिएन्नातल्या धनिकांनी या माणसाचा जितका द्वेष केला, तितका क्वचितच कुणा हिशेबनिसाचा झाला असेल. १९३४ पर्यंत ६०,०००च्या वर घरं उभी राहिली. संडास घरात. मुंबईत आणि व्हिएन्नात कामगारांसाठीच, एकाच दशकात, सरकारी पैशानं बांधकाम झालं. एकीकडे संडास घरात आला, दुसरीकडे पॅसेजच्या टोकाला राहिला. हवामानाचा किंवा संस्कृतीचा यात काही संबंध नाही. कुणासाठी बांधतोय, त्याला काय शोभतं, याची बांधणाऱ्याच्या मनातली कल्पना वेगळी होती, एवढंच.

माझा भाचा तिकडे नोकरीला असतो. त्याच्याकडे गेलो तेव्हा कार्ल-मार्क्स-होफ बघितलं. १९३०ची इमारत, लांबी एक किलोमीटरच्या वर, जवळजवळ १,४०० घरं. मी बायकोला म्हटलं, ही त्यांची बीडीडी चाळ. ती म्हणाली, चाळीला एवढं अंगण असतं का? खरं आहे, जागेचा बराचसा भाग मोकळाच सोडलाय. आत सामायिक धुणीघरं होती, बालवाडी होती, वाचनालय होतं. बाकावर एक आजी कुत्र्याला घेऊन बसल्या होत्या, समोर हेलिगेनस्टाट स्टेशन. १९३४च्या फेब्रुवारीत त्या देशाच्याच सैन्यानं या इमारतीवर तोफा डागल्या होत्या. सामान्यांची घरं कुणालाच खुपत नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी ही माहिती.

आज व्हिएन्नातले साधारण निम्मे लोक महापालिकेच्या किंवा सरकारी मदतीनं बांधलेल्या घरांत राहतात. म्हणून खासगी मालकही भाडं ताणताना जरा विचार करतो. पण भाच्याला यातलं घर मिळालं नाही. पालिकेच्या घरासाठी आधी दोन वर्षं शहरात राहिल्याचा दाखला लागतो. नवा आलेला माणूस खासगी मालकाच्या दारात उभा राहतो, ठरावीक मुदतीचा करार, मग पुन्हा बॅगा. म्हणजे शहर सामान्यांचं आहे, पण आधी आत आलेल्या सामान्यांचं.

सिंगापूरलाही अशीच मेख आहे. १९६०ला तिथं गृहनिर्माण मंडळ निघालं, १९६१च्या मे महिन्यात बुकित हो स्वी नावाची झोपडवस्ती जळाली, १६,००० माणसं उघड्यावर आली, आणि त्याच जागेवर वर्षभरात घरं उभी राहू लागली. आज तिथल्या रहिवाशांपैकी पाऊणहून अधिक लोक सरकारी मंडळाच्या घरांत राहतात, आणि बहुतेक मालकीनं, ९९ वर्षांच्या पट्ट्यावर. परदेशी माणसानं घर घेतलं तर २०२३ पासून ६० टक्के जादा मुद्रांक शुल्क. मोटार घ्यायची तर आधी लिलावात परवाना घ्या, कधी कधी परवानाच मोटारीहून महाग. आणि खाली हॉकर सेंटरमध्ये साहेब आणि शिपाई एकाच टेबलावर भात खातात. आता मेख. ती घरं बांधणारा तमिळ किंवा बांगलादेशी मजूर त्या घरांत राहत नाही. तो डॉर्मिटरीत राहतो, बायकामुलांना आणण्याची त्याला मुभा नाही. सोनापूर तिथंही आहे, फक्त नीटनेटकं.

टोकियोबद्दल एकच सांगतो, कारण ते तुम्हाला झोंबेल. गर्दी तिथंही आपल्यासारखीच. पण नोकरदाराच्या पासाचे पैसे बहुतेक कंपन्या देतात. म्हणजे घरापासून कामापर्यंतचं अंतर हा मालकाचाही खर्च आहे, हे तिथं मानलेलं आहे. आणि मोटार विकत घ्यायची तर आधी ती ठेवायला जागा आहे असा पोलिसांचा दाखला लागतो. आपल्या फडके रोडवर हा नियम लावून बघा. (हशा)

आता मुंबईकडे. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, विरून गेला. वडिलांनी नंतर एका सोसायटीत वॉचमनची नोकरी धरली. उरली जमीन. शहराच्या मधोमध सुमारे ६०० एकर. १९९१च्या विकास नियमावलीत ५८वा नियम आला: जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, एक तृतीयांश मालकाला. ब्राइटनरलाही बरा वाटला असता असा नियम. २००१ला तो बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची, गिरणीची इमारत पाडून मोकळी होणारी जमीन त्यात नाही. आता गिरणीच्या आवारात मोकळं मैदान असतं का हो? असते ती गिरणीच. उच्च न्यायालयानं बदल अडवला, २००६ला सर्वोच्च न्यायालयानं तो कायम केला. दुबई, लंडन, व्हिएन्ना, कुणाचं काय असेल ते असो. मुंबई कुणाची, हे त्या एका दुरुस्तीत लिहिलेलं आहे, आणि ती वाचायला मला वाटतं दहा मिनिटंही लागत नाहीत.

गिरणी कामगारांना घरं द्यायची कुठं, तर शेलू-वांगणीला. बदलापूरच्याही पुढं. २०२५च्या जुलैत म्हातारे कामगार आझाद मैदानावर बसले ते याच्याविरुद्ध. ज्यांचा रोटला चालत दहा मिनिटांवर होता, त्यांचा ओटला कर्जत गाडीत टाकला. तुम्ही डोंबिवलीकर तरी नशीबवान, मंडळी, तुम्ही अलीकडे राहता.

आणि रस्ते बघा. सी लिंकवर दुचाकीला बंदी, कोस्टल रोडवर बंदी, अटल सेतूवर बंदी. कारण सुरक्षिततेचं सांगतात, ते काही अगदीच खोटं नाही. पण आपल्या शहरातले सगळ्यात देखणे तीन रस्ते स्कूटरवाल्याला खालूनच बघायला मिळतात. अटल सेतूवरून मोटार एकदा न्यायला २५० रुपये. तेवढ्यात आपला सेकंड क्लासचा पास किती दिवस चालतो, ते मनात मोजा.

एक गोष्ट सांगून थांबतो, कारण परतीच्या गाडीची चुळबुळ मला दिसते आहे. गेल्या वर्षी, २०२५च्या ऑगस्टमध्ये, वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरच्या किल्ल्या मिळाल्या. ५०० चौरस फूट, मालकीचं, जिथं होतं तिथंच. झालं हे फार चांगलं झालं, यात किंतु नाही. आमच्या मजल्यावरच्या एक काकू त्यात आहेत, वय ऐंशीच्या पुढे. मी भेटायला गेलो. त्यांनी आधी मला संडास दाखवला. देवघर नंतर. नळ सोडून दाखवला, बंद केला, पुन्हा सोडला. मग म्हणाल्या, चल, बाहेर बसू. बाहेर म्हणजे लिफ्टसमोरची जागा. तिथं त्यांनी प्लास्टिकची खुर्ची टाकलेली, आणि शेजारी आणखी दोन, वेगवेगळ्या घरांतल्या. भिंतीवर छापील सूचना होती: लॉबीमध्ये सामान ठेवू नये. मी सूचनेकडे बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणाल्या, ‘‘मी सामान आहे का रे? बस.’’